खड्ड्यातलं पाणी विहिरीला कधी लागेल? भूजलाचं मॉडेल पहिल्या खान्यापासून बांधताना

सोलापूर शहराबाहेरच्या एका ओढ्याकाठी उभं असताना ओळखीच्या शेतकऱ्याने विचारलं, "सर, वर त्या खड्ड्यात डाईंगचं पाणी साठतंय. माझ्या विहिरीला लागंल का? अन् लागंल तर कवा?"

प्रश्न एकच वाटतो, पण त्यात दोन वेगळी गणितं आहेत. 'लागेल का' हे प्रवाहाचं गणित आहे: जमिनीखालचं पाणी कुठून कुठे उतरतं ते बघायचं. 'कधी' हे कणाचं गणित आहे: पाण्यासोबत निघालेला एक कण वाटेत किती दिवस काढतो ते मोजायचं. पहिलं विहिरींच्या पातळ्यांवरून बऱ्यापैकी जमतं. दुसरं त्या पातळ्यांवरून जमत नाही. हा फरक मला फार उशिरा कळला, म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितो आहे. आधी साध्या एक्सेल शीटवर, तयार सॉफ्टवेअर नंतर.

आधी कडा ठरवा

मॉडेलची सुरुवात सीमेपासून होते. आपल्या भागात सोयीच्या सीमा दोन. एक, ओढा किंवा नदी, जिथली पातळी आपण मोजू शकतो. दुसरी, टेकाडाचा माथा, जिथून पाणी दोन्हीकडे उतरतं आणि म्हणून माथ्याच्या रेषेतून पलीकडे काहीच जात नाही. शेताचा बांध, गावाची शीव, सर्व्हे नंबर यांचा भूजलाशी काही संबंध नसतो. नकाशा चौकोनी दिसावा म्हणून बांधावर सीमा आखली की तिथून किती पाणी आत येतं हे अंदाजाने भरावं लागतं, आणि पुढचं सगळं उत्तर त्या अंदाजावर उभं राहतं.

आपलं उदाहरण असं धरू. ओढ्यापासून माथ्यापर्यंत १००० मीटर. ओढ्यातली पातळी समुद्रसपाटीपासून ४५० मीटर. खड्डा ओढ्यापासून ८०० मीटरवर, आणि विहीर अगदी ओढ्याच्या काठाला.

मोजमाप, म्हणजे खरं काम

विहिरीतलं पाणी जमिनीपासून किती खाली आहे, हा आकडा मॉडेलच्या कामाचा नाही. पाणी समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे ते हवं. म्हणून प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करायची, त्या खुणेची उंची लेव्हलिंग करून काढायची, आणि टेप दर वेळी त्याच खुणेपासून सोडायची. मी एकदा दुसऱ्या खेपेला कठड्याच्या फुटक्या, खालच्या बाजूने टेप सोडली, आणि कागदावर विहीर पाऊण मीटरने भरली! पाऊस तर पडलेलाच नव्हता. पुढे दिसेल की या उदाहरणात माथ्यापासून ओढ्यापर्यंत पातळीचा सगळा फरकच दीड मीटरचा आहे. म्हणजे एका फुटक्या कठड्याने निम्मं मॉडेल खाल्लं असतं. मोबाइलमधली जीपीएस उंची याच कारणाने नको, ती काही मीटर इकडेतिकडे होते. ऑटो लेव्हल भाड्याने आणा, एका दिवसात सात-आठ विहिरी होतात.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. तुमच्या मोजण्या त्याच महिन्यांत घेतल्या तर त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येतात.

खडकाची माहिती बोअर न मारताही मिळते. मे महिन्यात जुन्या विहिरीत डोकवा. वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, आणि खाली काळा पाषाण. कुठे कुठे दोन लाव्हाथरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा. भिंतीवर जिथून झिरपून ओल आलेली असते ती आडवी रेघ मोजून ठेवा. पाणी वाहतं ते त्या रेघेच्या आसपासच. आठ परस विहिरीतला पाणी देणारा भाग कधी कधी जेमतेम दीड-दोन परसाचा निघतो.

खडकातून पाणी किती सहज जातं त्यासाठी वहनक्षमता हवी, म्हणजे पारगम्यता गुणिले पाणी धरणाऱ्या थराची जाडी. ती पंपिंग टेस्टने निघते, म्हणजे मोटारीने पाणी उपसून पातळी कशी उतरते ते मोजून. इथे एक अडचण आहे. थाइस यांचं १९३५चं सूत्र बारीक नळीसारखी विहीर गृहीत धरतं. आपल्या वीस फुटी विहिरीत सुरुवातीला मोटार खेचते ते विहिरीतच साठलेलं पाणी, खडकातलं नव्हे. मोठ्या व्यासाच्या विहिरीसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांची १९६७ची पद्धत वापरा, नाहीतर मोटार बंद केल्यावर विहीर कशी भरत जाते त्यावरून हिशेब करा.

उदाहरणापुरती वहनक्षमता दिवसाला ४० चौरस मीटर, पाणी धरणारा थर १० मीटर, पाऊस ५५० मिमी आणि त्यातला ८ टक्के जिरतो असं धरतो. वर्षाला ४४ मिमी, म्हणजे दिवसाला ०.०००१२ मीटर. शून्यं मोजून घ्या. या विषयातल्या निम्म्या चुका शून्यांच्या असतात.

पाच खान्यांचं मॉडेल

दर २०० मीटरवर एक बिंदू घ्या: ओढ्यावर एक, मग २००, ४००, ६००, ८०० आणि माथ्यावर १०००. प्रत्येक बिंदूभोवतीचा तुकडा म्हणजे एक टाकी समजा. डावीकडून येणारं, उजवीकडून येणारं आणि वरून जिरणारं पाणी यांची बेरीज शून्य व्हायला हवी. दोन टाक्यांमधला प्रवाह डार्सी यांच्या १८५६च्या नियमाने: वहनक्षमता गुणिले पातळीतला फरक भागिले अंतर. हे समीकरण उलगडलं की एक्सेलच्या खान्यात लिहिण्याजोगं वाक्य मिळतं:

पातळी = (डावा शेजारी + उजवा शेजारी + भर) ÷ २

भर म्हणजे पुनर्भरण (वरून जिरणारं पाणी) × अंतराचा वर्ग ÷ वहनक्षमता. आपल्याकडे ०.०००१२ × ४०००० ÷ ४० = ०.१२ मीटर. ओढ्याच्या खान्यात ४५० हा आकडा कायम ठेवा. माथ्याच्या खान्याला उजवा शेजारी नाही, म्हणून तिथे डावाच शेजारी दोनदा घ्या. आरशात पाहिल्यासारखं होतं, आणि माथ्यातून प्रवाह आपोआप शून्य होतो.

प्रत्येक खाना शेजाऱ्यावर अवलंबून असल्यामुळे एक्सेल 'सर्क्युलर रेफरन्स' म्हणून ओरडेल. ऑप्शन्समध्ये फॉर्म्युलाजखाली इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू करा. आकडे हळूहळू चढतात आणि स्थिरावतात: ४५०.५४, ४५०.९६, ४५१.२६, ४५१.४४, ४५१.५०. वहीवर कलनशास्त्राने काढलेलं उत्तरही नेमकं हेच येतं. पहिल्यांदा हे जुळलं की बरं वाटतं.

आता जाळी बारीक करून बघा. २० मीटरचे पन्नास खाने. जाळी बारीक म्हणजे उत्तर चांगलं, असं वाटतं ना? माथ्यावरची पातळी दीड मीटर चढायला हवी, पण शीट दहा-बारा सेंटीमीटर चढून गप्प बसते. एक्सेल मुळात शंभर फेऱ्यांनंतर थांबतं, आणि आता भर फक्त ०.००१२ मीटर असल्यामुळे प्रत्येक फेरीत पातळी मिलिमीटरभरच सरकते. फेऱ्यांची मर्यादा दहा हजार केली तरी पातळी अर्ध्या मीटरपाशी अडते, कारण दुसरी अट आडवी येते: एका फेरीतला बदल ०.००१च्या खाली गेला की एक्सेल काम झालं असं समजतं. बदल थांबणं म्हणजे उत्तर सापडणं नव्हे. ती अट ०.०००००१ करा, सात-आठ हजार फेऱ्या होऊ द्या, मग १.५० येतं. तयार सॉफ्टवेअरमधल्या सॉल्व्हरलाही असेच दोन आकडे द्यावे लागतात, आणि ते आकडे कोणी उघडूनही बघत नाही.

हिशेब जुळतो का

जितकं जिरलं तितकंच ओढ्याला मिळालं पाहिजे. एक मीटर रुंदीच्या पट्ट्यात १००० × ०.०००१२ = दिवसाला ०.१२ घनमीटर जिरतं. ओढ्याकडे जाणारा प्रवाह: ४० × ०.५४ ÷ २०० = ०.१०८. दहा टक्के पाणी गेलं कुठे?

पहिल्यांदा मी यात एक संध्याकाळ घालवली होती. पातळ्या बरोबर, सूत्र बरोबर, तरी हिशेब तुटलेला. उत्तर ओढ्याच्या खान्यातच होतं. त्या बिंदूभोवतीच्या अर्ध्या तुकड्यावरही, म्हणजे १०० मीटरवर, पाऊस पडतो आणि तो थेट ओढ्याला जातो: ०.०१२. दोन्ही मिळून ०.१२०. हा ताळा प्रत्येक वेळी करा. पातळ्यांचा नकाशा देखणा दिसतो म्हणून तो बरोबर असतो असं नाही. हिशेब एका टक्क्याच्या आत येत नसेल तर पुढे जाऊ नका.

दोन दिशा, मोटार आणि काळा पाषाण

पट्ट्याऐवजी पूर्ण शिवार घ्यायचं तर दोनऐवजी चार शेजारी येतात आणि दोनऐवजी चारने भागायचं. उपसा असलेल्या खान्यात उपसा ÷ वहनक्षमता इतकी वजावट करायची. बाकी सगळं तेच.

उपसा भरताना मात्र भान ठेवा. मोटार दिवसाला ५० घनमीटर काढते म्हणून तोच आकडा वर्षभराच्या स्थिर मॉडेलमध्ये, म्हणजे पातळ्या काळाप्रमाणे बदलत नाहीत अशा मॉडेलमध्ये टाकला, तर ती विहीर ५० ÷ ०.०००१२, म्हणजे जवळपास ४२ हेक्टरांवरचं पुनर्भरण एकटी मागते. शंभर एकरांवर! प्रत्यक्षात ती रब्बीत नव्वद दिवस चालत असेल तर वर्षाची सरासरी दिवसाला १२ घनमीटरच्या आसपास पडते आणि मागणी पंचवीस एकरांवर येते. हा भागाकार कागदाच्या कोपऱ्यावर आधी करावा, मगच मॉडेल.

शिवाय खान्यातली पातळी म्हणजे विहिरीतली पातळी नव्हे. चौरस जाळीत खान्याचा आकडा बिंदूपासून साधारण खान्याच्या एकपंचमांश अंतरावरची पातळी दाखवतो. ५० मीटरच्या खान्यात ते अंतर १० मीटर. दिवसाला ५० घनमीटर उपशाला सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी खान्याच्या आकड्यापेक्षा अजून पाव मीटर खाली असेल, आणि सहा इंची बोअरमध्ये जवळपास एक मीटर. हा फरक न काढता मोजलेली पातळी आणि मॉडेलची पातळी ताडत बसलात तर वहनक्षमता उगाच कमी कराल.

शेजारच्या दोन खान्यांत खडक वेगळा असेल तर त्यांच्यामधली वहनक्षमता साध्या सरासरीने घेऊ नका. एकीकडे मांजऱ्या ४० आणि दुसरीकडे सलग काळा पाषाण १ असेल तर साधी सरासरी २०.५ येते आणि पाषाणातून पाणी धो धो वाहायला लागतं. हरात्मक सरासरी घ्या: २ × ४० × १ ÷ ४१, म्हणजे १.९५. अरुंद वाट ज्याची, त्याचंच चालतं.

ऋतूप्रमाणे चढउतार हवा असेल तर साठ्याचं पद जोडावं लागतं. आपल्या झिजलेल्या बेसॉल्टमध्ये विशिष्ट उत्पादकता, म्हणजे पातळी उतरली की खडकातून निथळून मिळणाऱ्या पाण्याचा वाटा, १ ते ३ टक्के धरतात. काळाची पावलं साध्या पद्धतीने पुढे टाकत गेलात तर पावलाला मर्यादा आहे: ५० मीटरचा खाना, २ टक्के आणि ४० यांना ती साडेसात तासांची. त्याहून मोठं पाऊल टाकलं की आकडे वरखाली उसळ्या मारत अनंताकडे पळतात. पुढच्या वेळेच्या अज्ञात पातळ्या एकत्र सोडवणारी पद्धत वापरली तर ही अट राहत नाही. मॉडफ्लो हे भूजलाचं तयार सॉफ्टवेअर तेच करतं.

पातळ्या जुळल्या, आणि तरीही

आता वहनक्षमता ४०ची ८० करा आणि पुनर्भरणही दुप्पट करा. पातळ्यांत एका मिलिमीटरचाही फरक पडत नाही. कारण सूत्रात दोघे एकमेकांना भागूनच येतात. म्हणजे तुमच्या सगळ्या विहिरी मॉडेलशी तंतोतंत जुळल्या तरी, खाली वाहणारं पाणी नेमकं किती, हे ठरलेलं नसतं. ठरवायला प्रवाहाचा निदान एक आकडा लागतो. पाऊस थांबून बरेच दिवस झाल्यावर ओढ्यात जे पाणी टिकतं ते मोजा. तेही नसेल तर पंपिंग टेस्टमधली वहनक्षमता पक्की धरा आणि फक्त पुनर्भरण हलवा. दोन्ही एकदम हलवू नका.

कणामागे जाताना

डार्सीच्या नियमातून निघतो तो प्रवाह. कण मात्र खडकाच्या पूर्ण छेदातून जात नाही, फक्त एकमेकांना जोडलेल्या पोकळ्यांतून जातो. म्हणून कणाचा वेग = प्रवाह ÷ (जाडी × प्रभावी सच्छिद्रता). नवखा माणूस सच्छिद्रतेचा हा भागाकार विसरतो, आणि मग २ टक्के सच्छिद्रतेत त्याच्या मॉडेलमधला कण खऱ्यापेक्षा पन्नास पट सावकाश चालतो.

आपल्या पट्ट्यात ६०० मीटरवरच्या रेषेतून वरच्या ४०० मीटरचं पाणी जातं: ०.०४८. त्याला १० × ०.०२ने भागलं की वेग ०.२४ मीटर दिवसाला. ४०० मीटरवर वरच्या ६०० मीटरचं पाणी येतं, वेग ०.३६. या दोन रेषांमधले २०० मीटर कापायला किती दिवस? सुरुवातीचाच वेग शेवटपर्यंत धरला तर ८३३. पण कण वाटेत वेग घेत जातो, म्हणून हा आकडा फार मोठा आहे. बरेच जण इथे लहान लहान पावलं टाकत जातात. तेही चालतं, पण विहिरीजवळ वेग झपाट्याने बदलतो आणि पाऊल जरा मोठं पडलं की कण विहीर ओलांडून पलीकडे निघून जातो.

पोलॉक यांनी १९८८मध्ये यावर सुटसुटीत तोड मांडली. खान्याच्या समोरासमोरच्या दोन भिंतींवरचे वेग प्रवाहाच्या हिशेबातून माहीत असतात, मग त्यांच्यामध्ये वेग सरळ रेषेत बदलतो असं धरायचं. तसं धरलं की बाहेर पडायचा वेळ एका सूत्रात मिळतो: दोन वेगांच्या गुणोत्तराचं नैसर्गिक लॉगॅरिदम ÷ वेग बदलण्याचा दर. इथे दर (०.३६ − ०.२४) ÷ २०० = ०.०००६ आणि १.५चं लॉगॅरिदम ०.४०५५, म्हणून ६७६ दिवस. पावलाचा आकार ठरवायची भानगडच नाही. दोन दिशा असतील तर प्रत्येक दिशेचा वेळ काढायचा आणि जो कमी तो खरा. कण त्या भिंतीतून शेजारच्या खान्यात जातो.

सूत्र लिहिताना तीन फांद्या सांभाळा. दोन्ही वेग सारखेच असले तर भाजक शून्य होतो, तिथे अंतर ÷ वेग घ्या. दोन्ही भिंतींवर पाणी बाहेरच जात असेल तर आत जलविभाजक आहे, कण कुठल्या बाजूला आहे ते बघा. दोन्हीकडून आतच येत असेल तर त्या दिशेला सुटका नाही. आणि विहिरीच्या खान्यात थोडं पाणी उपसलं जातं, थोडं पुढे जातं, अशी स्थिती असेल तर कण विहिरीत गेला की निसटला हे मॉडेल सांगू शकत नाही, तुम्हाला ठरवावं लागतं. अशा वेळी मी तिथली जाळी बारीक करून पुन्हा चालवतो.

खड्ड्यापासून, म्हणजे ८०० मीटरवरून, ओढ्याकाठपर्यंत पूर्ण बेरीज येते २६८२ दिवस, सव्वासात वर्षांच्या थोडं वर. सच्छिद्रता अर्धा टक्का धरली तर पावणेदोन वर्षं. ५ टक्के धरली तर अठरा. तिन्ही वेळा विहिरींच्या पातळ्या त्याच. स्थिर मॉडेलच्या पातळ्यांत सच्छिद्रता येतच नाही, म्हणून त्या कितीही जुळवा, ती त्यातून सापडत नाही. आणि आपल्या खडकात पाणी भेगांतूनच चालतं, तेव्हा मला अठरापेक्षा पावणेदोनची भीती जास्त वाटते. त्यात विहिरीचा उपसा जोडला की उतार वाढतो आणि दिवस आणखी घटतात.

मग मॉडफ्लो

इतकं हाताने केल्यावर तयार साधनं हातात घ्यायला हरकत नाही. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेचं मॉडफ्लो १९८४पासून चालत आलं आहे. आताचं मॉडफ्लो ६ आणि कणांसाठीचं मॉडपाथ दोन्ही फुकट मिळतात, आणि पायथनमधून चालवायला फ्लोपाय आहे. पहिलं काम म्हणून वरचाच पाच खान्यांचा पट्टा त्यात बांधा. त्यात आधी खाने आखले जातात आणि बिंदू खान्याच्या मधोमध येतो, आपल्यासारखा थेट सीमेवर बसत नाही, त्यामुळे सीमेवर आकडे थोडे सरकतील. ते का सरकले हे सांगता आलं की मग शिवाराकडे वळा. लाव्हाथर एकावर एक असतील तर दोन-तीन थर घ्या, पण प्रत्येक थराची पातळी वेगळी मोजलेली असेल तरच. वरून खालपर्यंत सगळे थर जोडणाऱ्या बोअरमधली पातळी कुठल्याच थराची नसते.

शेतकऱ्याला मी 'लागेल' असं सांगितलं, आणि कधी याला दोन ते अठरा वर्षं. तो हसला. "म्हंजे रंग दिसला की कळंल." तिथे त्याला थांबवलं. रंग माती आणि मुरमाला चिकटत, अडखळत येतो. डाईंगमध्ये वापरलेलं मीठ मात्र कुठेही न चिकटता पाण्याच्याच चालीने येतं, म्हणून ते रंगाच्या आधी पोचतं. त्याच्याकडे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं एक टीडीएस मीटर दिलं, मोटार दहा मिनिटं चालल्यावर महिन्यातून एकदा आकडा कॅलेंडरवर लिहायला सांगितलं, आणि खड्डा व विहीर यांच्या मधल्या एका पडक्या आडाचा आकडाही. आडातला आकडा चढायला लागला की तारीख लिहून ठेवायची. सच्छिद्रता तिथून निघेल.